आईचं तूप बंद केलं तर गाठ उपाशी राहते का?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी पस्तिशीतली आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, शाळेत मराठी शिकवते. आईचं वय ६१, ब्रेस्ट कॅन्सर, ऑपरेशनच्या आधीची केमो चालू आहे, पॅक्लिटॅक्सेलचे दर आठवड्याचे डोस. मोठा भाऊ न्यू जर्सीत आयटीत. त्याच्या वाचनात आलं की कॅन्सरच्या पेशी स्वतःला लागणारी चरबी स्वतःच बनवतात आणि ते बनवणं बंद पाडलं की त्या मरतात. तेव्हापासून आईचं तूप, तेल, दूध, अंडी, शेंगदाणे, खोबरं सगळं बंद. दुपारचं ताट रोज व्हिडिओ कॉलवर दाखवायचं. सकाळी बिनदुधाचा चहा आणि एखादं सफरचंद, दुपारी दोन फुलके, बिनफोडणीचं वरण, उकडलेली दुधी, रात्री मुगाचं पाणी आणि मूठभर भात. तीन महिन्यांत वजन ५६ वरून ५१ झालंय. आता भावाने वजन कमी करायच्या गोळ्यांची, ऑर्लिस्टॅटची, एक स्ट्रिप मित्राच्या हाती पाठवलीये, कारण पेशीत चरबी बनवण्याचं काम करणारं जे प्रोटीन, म्हणजे एन्झाइम, तेच ती गोळी बंद करते असं त्याने एका पेपरमध्ये वाचलंय. स्ट्रिप अजून पर्समध्येच आहे. "मी आर्ट्सची, दादा इंजिनियर, त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे शब्द नाहीत. गोळी दिली नाही आणि उद्या काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. काय करू?"

ताई, आधी उत्तर देते, कारण तुम्हाला तेच आधी हवंय. ती गोळी आईंना देऊ नका. आणि आज संध्याकाळच्या भातावर तूप वाढा. हां, आईंना पित्ताशयाचा, स्वादुपिंडाचा त्रास असेल किंवा डॉक्टरांनी स्वतःच दुसऱ्या कारणाने तेल-तूप कमी करायला सांगितलं असेल तर आधी त्यांना फोन करा, पण तुमच्या पत्रात तसं काहीच नाहीये, हे बंद डॉक्टरांनी केलेलं नाही, घरातल्यांनी केलंय.

आता सविस्तर. मी बरीच वर्षं फार्मसी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवली आणि हे फॅटी अ‍ॅसिडचं प्रकरण (चरबी ज्या रेणूंची बनते ती ही अ‍ॅसिडं) माझ्या आवडीचं, म्हणून थोडं लांबेल, पण तुम्हाला दादांशी बोलायचंय तर मुद्दे तुमच्या हातात असायला हवेत.

पहिली गोष्ट, दादांनी वाचलंय ते खोटं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या लिंबू-सोड्यासारखं ते नाहीये. १९५३ साली फिलाडेल्फियात ग्रेस मेडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्यूमरच्या पातळ चकत्या घेऊन दाखवलं होतं की या पेशी स्वतः फॅटी अ‍ॅसिड तयार करतात. ही गोष्ट विशेष का, तर आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी असं करत नाहीत, त्या रक्तातून तयार फॅटी अ‍ॅसिड उचलतात. बनवण्याचं काम मुख्यतः लिव्हरचं, चरबीच्या पेशींचं, आणि बाळाला पाजणाऱ्या आईच्या स्तनाचं. कॅन्सरच्या पेशी मात्र हे बंद पडलेलं काम पुन्हा सुरू करतात, आणि जोरात. १९९४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये फ्रान्सिस कुहाज्दा यांच्या टीमला कळलं की ब्रेस्ट कॅन्सरच्या वाईट वळणाच्या केसेसमध्ये जे एक प्रोटीन जास्त दिसत होतं ते दुसरंतिसरं काही नसून फॅटी अ‍ॅसिड सिंथेस हेच एन्झाइम आहे. तिथून या विषयाला खरा वेग आला.

आणि का बनवतात तेही समजण्यासारखं आहे. एका पेशीच्या दोन व्हायच्या म्हणजे तिच्याभोवतीचं सगळं आवरण दुप्पट लागणार, आवरण चरबीचंच असतं. शिवाय पेशीच्या आतले वाढीचे निरोप पोचवायलाही काही चरबीचे रेणू लागतात. म्हणजे हा कारखाना बंद पाडायची कल्पना चांगलीच आहे, मला स्वतःला त्याबद्दल आशा आहे, ते पुढे सांगते.

पण दादांची उडी कुठे चुकली ते बघा. हे सिंथेस काम कसं करतं? दोन कार्बनच्या एका तुकड्यापासून सुरुवात होते, मग दर फेरीला त्याला आणखी दोन कार्बन जोडले जातात, अशा सात फेऱ्या, आणि शेवटी सोळा कार्बनची साखळी सुटते, तिचं नाव पाल्मिटेट. आता हे दोन-दोन कार्बनचे तुकडे येतात कुठून? मुख्यतः ग्लुकोजमधून, थोडे ग्लुटामिनमधून, कधी अ‍ॅसिटेटमधून. तुपातून नाही! कॅन्सरची पेशी चरबी "बनवते" याचा अर्थच हा की ती तुमच्या ताटातल्या चरबीवर अवलंबून नाहीये. ज्याच्या घरात स्वतःचं जातं आहे त्याच्यासाठी बाजारातलं पीठ बंद करून काय होणार? तुम्ही आईंच्या वरणावरची फोडणी काढलीत, ट्यूमरमधल्या त्या सात फेऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. वजन कमी झालं ते आईंचं.

इथे दादा लगेच म्हणतील, मग साखर आणि भात बंद करू. तो रस्ताही बंदच आहे. आईंनी काहीही खाल्लं नाही तरी रक्तातलं ग्लुकोज लिव्हर सांभाळत राहतं, आधी साठवणीतून आणि मग मसलचं प्रोटीन मोडून. म्हणजे ट्यूमरला ग्लुकोज मिळतंच, पण त्याची किंमत आईंच्या दंडा-मांड्यांमधून वसूल होते. (डायबेटिस असेल तर साखरेचं पथ्य डायबेटिससाठी पाळायचं, ते वेगळं.)

दादा इंजिनियर आहेत, ते आणखी एक मुद्दा काढतील आणि तो मुद्दा चांगला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ते म्हणतील की औषधाने आतला कारखाना बंद केला की कॅन्सरच्या पेशी रक्तातून चरबी उचलतात असंही पेपरमध्ये आहे, मग दोन्ही बाजूंनी कोंडी करायला काय हरकत आहे? बरोबर, पेशी तसं करतात, या औषधांची ती एक मोठी अडचणच आहे. पण रक्तात फॅटी अ‍ॅसिड फक्त जेवणातून येत नाही. माणूस कमी जेवला की शरीर आपली साठवलेली चरबी वितळवून रक्तात सोडतं, उपाशीपोटी रक्तातलं मोकळं फॅटी अ‍ॅसिड उलट वाढतं. तूप बंद करून रक्तातली चरबी बंद होत नाही. ही गोष्ट एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे, हवं तर दादांना तेच सांगा, त्यासाठी नवीन पेपर शोधायची गरज नाही.

उंदरांमध्ये आहाराचा परिणाम दिसलाय का? दिसलाय, ते लपवायचं कारण नाही. २०२१ मध्ये एमआयटीच्या लोकांनी स्वादुपिंडाचा ट्यूमर असलेल्या उंदरांना एकीकडे कमी कॅलरीचं आणि दुसरीकडे भरपूर चरबीचं कीटो खाणं दिलं, कमी कॅलरीत ट्यूमर हळू वाढला, कीटोमध्ये तसं झालं नाही, आणि त्यामागे ट्यूमरला मिळणाऱ्या चरबीचा हात होता. पण त्यावरून पेशंटने अमुक खावं असं त्यांनी स्वतःही सुचवलेलं नाही. पिंजऱ्यातल्या उंदराला केमोचा आठवडा, तोंडाचे फोड, पुढचं ऑपरेशन, यातलं काही सोसायचं नसतं.

बायकांवरचे अभ्यास म्हणाल तर दोन मोठे आहेत, दोन्ही अमेरिकेतले, दोन्ही ब्रेस्ट कॅन्सरचे. २००६ मध्ये आलेल्या एकात २,४३७ बायका होत्या, त्यात कमी चरबीचं खाणाऱ्यांमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण थोडं कमी दिसलं, पण त्या बायकांचं वजनही त्यात उतरलं होतं, त्यामुळे श्रेय चरबी कमी केल्याचं की वजन उतरल्याचं हे सांगता येत नाही. २००७ मध्ये आलेल्या दुसऱ्यात ३,०८८ बायका, भाज्या-फळं जास्त, चरबी कमी, सरासरी सात वर्षं बघितलं, फरक नाही. आणि मुख्य म्हणजे हे दोन्ही अभ्यास सुरुवातीच्या स्टेजचा आजार असलेल्या, ऑपरेशन होऊन गेलेल्या बायकांचे होते. केमोमध्ये पाच किलो उतरलेल्या तुमच्या आईंना ते लागू करणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं आहे.

५६ चे ५१ म्हणजे जवळजवळ नऊ टक्के वजन गेलं. सहा महिन्यांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त गेलं तरी कॅन्सरच्या डॉक्टरांनी ते गंभीरपणे घ्यावं अशी पद्धत आहे, इथे तर तीन महिन्यांतच ते झालंय. वजन असं उतरलं की केमोचे त्रास जास्त होतात, डोस कमी करावा लागतो, पुढे ढकलावा लागतो, ऑपरेशननंतर जखम भरायला वेळ लागतो. तुम्हाला भीती वाटतेय की गोळी न दिल्याने काही होईल. मला जास्त काळजी आहे ती अंगातला हा मांसाचा साठा गेल्याने होणाऱ्या नुकसानीची, आणि ते पुढे होईल-न-होईल असं नाहीये, ते चालू आहे.

तुम्ही जेवणाचं लिहिलंय त्याचा मी ढोबळ हिशोब केला, दिवसाला सहाशे-सातशे कॅलरीच्या पुढे जात नाही. युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशनच्या संस्थेची, एस्पेनची, कॅन्सर पेशंटसाठी गाइडलाइन आहे, किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि एक ग्रॅमपेक्षा जास्त, जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत प्रोटीन. म्हणजे ५१ किलोच्या आईंना साधारण १,३०० ते १,५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रोटीन. त्या निम्म्यावर आहेत! आणि त्याच गाइडलाइनमध्ये एक वाक्य आहे ते दादांना वाचायला द्या: ज्यांचं वजन उतरतंय आणि इन्शुलिन नीट काम करत नाहीये अशा कॅन्सर पेशंटच्या खाण्यात कार्बोहायड्रेटच्या मानाने चरबीचा वाटा वाढवावा. वाढवावा, कमी करावा असं नाही. कारण साधं आहे, चरबीच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, भूक नसलेल्या माणसाच्या पोटात थोड्या जागेत जास्त काही घालायचं तर दुसरा मार्ग नाही. एक छोटा चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी, आणि त्यासाठी जास्तीचा एकही घास चावावा लागत नाही.

आता ती स्ट्रिप. दादांनी वाचलेला पेपर २००४ चा असणार. कॅलिफोर्नियातल्या लोकांना दिसलं की ऑर्लिस्टॅट हे सिंथेस बंद करतं आणि उंदरांमधला प्रोस्टेटचा ट्यूमर त्याने मंदावतो. पेपर चांगला आहे. पण ऑर्लिस्टॅट हे औषध आतड्यात काम करण्यासाठी बनवलेलं आहे, तोंडाने घेतलं की रक्तात जवळजवळ जातच नाही, म्हणून तर ते वजनाचं औषध म्हणून बऱ्यापैकी सुरक्षित मानलं गेलं. म्हणजे स्तनातल्या गाठीपर्यंत ते पोचणारच नाही. आईंच्या आतड्यात मात्र ते आपलं ठरलेलं काम करेल, खाल्लेल्या चरबीतली तीस टक्क्यांच्या आसपास न पचवता बाहेर टाकेल. तेलकट, आवरता न येणारे जुलाब, अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी व्हिटॅमिन्स कमी शोषली जाणं, आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर तिचा हिशोब बिघडणं, हे सगळं केमोच्या बरोबरीने. एकसष्टीच्या बाईला रात्रीत चार वेळा बाथरूमला धावायला लावून आपण काय मिळवणार?

दादांसारखाच विचार करणारे आणखी बरेच जण मला लिहितात म्हणून हेही इथेच सांगते. नेटवर सेरुलेनिन, सी-७५ अशी नावं दिसतात, ती लॅबसाठी विकली जाणारी केमिकल्स आहेत, माणसाने घ्यायची नाहीत. सी-७५ ची गंमत नाही, गंभीर गोष्ट अशी की २००० साली उंदरांना ते दिल्यावर त्यांचं खाणंच तुटलं आणि वजन झपाट्याने उतरलं. तसंच ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल "नॅचरल फॅट ब्लॉकर" म्हणून खपवतात. त्यातला एक घटक टेस्ट ट्यूबमध्ये सिंथेसला अडवतो हे खरं, पण मोठ्या डोसमध्ये या अर्काने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत, आणि पॅक्लिटॅक्सेल शरीरातून बाहेर काढायचं काम लिव्हरच करतं. कपभर चहा प्यायला कुणाची ना नाही, कॅप्सूल नको.

मग खरं औषध आहे का? आहे, आणि दादांना हा भाग आवडेल. हे एन्झाइम रक्तातून जाऊन बंद करणारी, गोळीच्या रूपातली औषधं माणसांवर तपासली जातायत. त्यात सगळ्यात पुढे आहे टीव्हीबी-२६४०, आता त्याला डेनिफॅनस्टॅट म्हणतात. कॅन्सरच्या पेशंटवरचा त्याचा पहिला अभ्यास २०२१ मध्ये छापून आला, १३६ पेशंट, बहुतेकांवर बाकीचे उपाय थकलेले. औषध एकटं दिलं तेव्हा कुणाचीही गाठ ठरलेल्या मापाने आक्रसली नाही, काहींचा आजार काही काळ जागच्या जागी थांबला. पॅक्लिटॅक्सेलबरोबर दिलं तेव्हा ११ टक्के लोकांमध्ये गाठ लहान झाली. तुमच्या आईंना पॅक्लिटॅक्सेलच चालू आहे, दादांची नजर नेमकी इथेच अडकली असणार आणि मला त्यांचं मन कळतं. पण त्या ११ टक्क्यांत पॅक्लिटॅक्सेलचा वाटा किती आणि नव्या औषधाचा किती हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही, शेजारी फक्त पॅक्लिटॅक्सेल घेणारा गट नव्हता. त्रास म्हणजे हाता-पायांच्या तळव्यांची कातडी सोलणं, केस जाणं, डोळे कोरडे पडणं, डोस कमी केला की बरे होणारे. शरीराला स्वतःलाही त्वचेसाठी आणि डोळ्यांतल्या ओलाव्यासाठी ही चरबी लागते, त्यामुळे हे त्रास अनपेक्षित नाहीत.

दुसरीकडे मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमासारख्या परत आलेल्या ट्यूमरमध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या डॉक्टरांनी हेच औषध बेव्हासिझुमॅब या कॅन्सरच्या दुसऱ्या औषधाबरोबर वापरलं, २०२३ मध्ये ते छापून आलं, सहा महिने आजार न वाढता राहिलेले साधारण ३१ टक्के, पूर्वीच्या अनुभवात हा आकडा १६ च्या आसपास. अभ्यास छोटा आहे, पण मेंदूचं निवडणं मला फार विचारपूर्वक वाटतं. मेंदूत बाहेरून उचलायला तयार चरबी कमी मिळते, त्यामुळे तिथे गेलेल्या पेशीला स्वतः बनवण्यावाचून गत्यंतर नसतं. २०२१ मध्येच बॉस्टन-केंब्रिजच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी मेंदूत वाढताना या एन्झाइमवर जास्त अवलंबून राहतात. याशिवाय सिंथेसच्या एक पायरी आधीचं एसीसी नावाचं एन्झाइम आहे, २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रूबेन शॉ यांच्या टीमने ते अडवणारा एनडी-६४६ नावाचा रेणू फुप्फुसाच्या कॅन्सरच्या उंदरांना दिला, ट्यूमर लहान झाले, कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाबरोबर आणखी. उंदीरच, पण काम भक्कम.

ही सगळी वाट मला मनापासून खरी वाटते. पण हे लिहीत असताना यातलं एकही औषध कॅन्सरसाठी मंजूर झालेलं नाही. म्हणजे ते मिळण्याची योग्य जागा एकच, क्लिनिकल ट्रायल. आणि तुमच्या आईंच्या हातात आत्ता जे आहे, ऑपरेशनआधीची केमो आणि मग ऑपरेशन, ते बरं करण्याच्या हेतूने दिलेलं, हजारो बायकांवर तपासलेलं आहे. ते सोडून किंवा त्यात भेसळ करून न तपासलेल्याच्या मागे जायची वेळ आलेलीच नाही. दादांना हे वाक्य माझ्या नावावर सांगितलंत तरी चालेल.

दादांबद्दल आता थोडं. तुमच्या पत्रात त्यांच्यावर राग आहे आणि तो मला पटतो, रोज कॅमेऱ्यासमोर ताट धरणं कुणालाही अपमानाचं वाटेल. पण बारा हजार किलोमीटरवर बसलेल्या मुलाच्या हातात दुसरं काय आहे? आईचे पाय दाबता येत नाहीत, केमोच्या खुर्चीशेजारी बसता येत नाही, मग तो वाचत बसतो आणि वाचलेलं अमलात आणायला लावतो. त्यांना "तू चुकतोयस" म्हणण्याऐवजी काम द्या, खरं काम. भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंद असते, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, आयसीएमआरची, ती कुणालाही फुकट बघता येते. त्यात आईंच्या रिपोर्टमधल्या हार्मोन आणि हर-टू रिसेप्टरच्या प्रकाराला धरून काय चालू आहे ते त्यांनी शोधावं, यादी करून ठेवावी, ती यादी आपल्या ऑन्कॉलॉजिस्टना दाखवावी, आणि ते म्हणतील तेव्हाच पुढे. ट्रायलमध्ये जायची वेळ कधी आलीच तर संमतीपत्र मराठीत मागा, तपासणीखालच्या औषधाचे पैसे कुणी मागितले तर तिथूनच परत फिरा, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद २०१९ च्या नियमांमध्ये आहे हे माहीत असू द्या. आईंचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे स्कॅन करून एका फाइलमध्ये ठेवणं, इन्शुरन्सचे फॉर्म भरणं, हेही दादा तिथे बसून करू शकतात आणि तुमच्या डोक्यावरचं तेवढं उतरेल.

आणि तुम्ही आर्ट्सच्या म्हणून तुम्हाला यातलं कळत नाही हे मी मान्य करणार नाही. आईंचं ब्लाउज सैल झालंय, बांगडी कोपरापर्यंत जातेय हे तुम्ही लिहिलंय. हे निरीक्षण कुठल्याही पेपरइतकंच महत्त्वाचं आहे, आणि या घरात ते करणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. दादांकडे उंदरांची माहिती आहे, तुमच्याकडे पेशंटची आहे.

पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. आईंना काय वाटतं? दादा काय म्हणतात ते आहे, मावशी काय म्हणते ते आहे ("प्रसादाचा तरी शिरा खाऊ दे गं तिला"), तुम्हाला काय वाटतं ते आहे. आई गप्प बसून दुधी खातात कारण मुलगा सांगतोय. त्यांना जवळ बसून विचारा, काय खावंसं वाटतंय. केमोमध्ये चव बदलते, आवडीचा पदार्थ नकोसा होतो आणि भलताच कुठला तरी हवासा वाटतो, हे रोज बदलतं, त्यामुळे रोज विचारा.

खाण्याचं आता अगदी घरगुती सांगते. एकदम मोठं ताट नको, दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. मऊ भात, मेतकूट, तूप. वरणाला फोडणी परत आणा. भाजीत दाण्याचं कूट, ओलं खोबरं. नाचणीची किंवा राजगिऱ्याची खीर दुधात, वरून एक चमचा तूप. अंडं खात असतील तर पूर्ण उकडलेलं, पिवळ्यासकट, अर्धकच्चं नको. पनीर, घरचं ताजं दही, मूग-तांदळाची खिचडी. तोंड आलं असेल तर तिखट-आंबट टाळा, गार-कोमट, मऊ. मळमळ असेल तर वासाचे तळलेले पदार्थ नकोत, पण तूप-लोण्याला वास कमी असतो, ते बहुतेकांना चालतं. उघड्यावरचा रस, चिरून ठेवलेली फळं, पाणीपुरी हे केमो संपेपर्यंत नाही, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि साधं इन्फेक्शन महागात पडतं. बरेच दिवस उपासमार झालेल्या माणसाला एका दिवसात एकदम भरपूर खायला घालायचं नसतं, त्यानेही रक्तातले क्षार बिघडू शकतात, तेव्हा आठवडाभरात हळूहळू वाढवा आणि हॉस्पिटलच्या डाएटिशियनला गाठा, मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये त्या असतात, आपण मागत नाही म्हणून भेट होत नाही.

हे सगळ्यांना सरसकट लागू नाही हेही सांगायला हवं. हे सदर वाचणाऱ्या ज्या बायकांची ट्रीटमेंट संपलीये आणि वजन वाढलंय, त्यांनी डॉक्टरांशी बोलून वजन आटोक्यात आणणं चांगलंच आहे, त्यांनी माझं हे पत्र तुपाच्या डब्याशेजारी ठेवू नये. स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालेल्यांना चरबी पचायला एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. कोलेस्टेरॉलची गोळी आधीपासून चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका.

पुढच्या केमोला जाताना एक कागद घेऊन जा. वरती गेल्या तीन महिन्यांची वजनं तारखांसह. खाली आई काय खात होत्या ते जसंच्या तसं, लाज वाटू देऊ नका, डॉक्टरांना ते कळलंच पाहिजे. मग हे प्रश्न: वजन उतरल्याने डोसमध्ये बदल लागेल का, डाएटिशियनची चिठ्ठी द्याल का, प्रोटीन पावडर द्यावी का आणि कुठली, थोडं चालणं-हलकं वजन उचलणं सुरू करता येईल का (मसल टिकायला नुसतं खाणं पुरत नाही). ऑर्लिस्टॅटची स्ट्रिपही दाखवा, आणि शक्य असेल तर त्या वेळी दादांना फोनवर घ्या, म्हणजे तुम्ही काय सांगताय हे तुमचं मत राहणार नाही, डॉक्टरांचं होईल. दोघा बहीण-भावांमधला अर्धा वाद तिथेच मिटेल.

घरी वजनकाटा नसेल तर एक घ्या आणि दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, एकाच वजनाच्या कपड्यांत वजन करा. व्हिडिओ कॉलवर यापुढे ताट नको, हा आकडा दाखवा. दोन आठवड्यांत तो उतरायचा थांबला नाही, आई दोन दिवस धड जेवल्याच नाहीत, उलट्या-जुलाब थांबेनात, किंवा ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. ताप असेल तर रात्री दोन वाजताही हॉस्पिटलला निघा, आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा की केमो चालू आहे.